सी भाषेत शब्द तोडले, पण यादीत सगळीकडे शेवटचाच शब्द येतोय: कारणं आणि उपाय

फाइलमधून एकेक ओळ एफगेट्सने वाचायची, स्ट्रटोकने तिचे शब्द तोडायचे आणि प्रत्येक शब्द पॉइंटरांच्या ॲरेत ठेवायचा. लूपच्या आत छापून पाहिलं तर सगळं बरोबर. लूप संपल्यावर तीच यादी छापली की पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक जागी फाइलमधला शेवटचा शब्द. हे झालं ओळीत एकच शब्द असेल तर. जास्त शब्द असतील तर चित्र आणखी विचित्र: काही जागी अख्खे शब्द, काही जागी नुसत्या शब्दांच्या शेपट्या, काही जागी रिकामं. कंपायलर गप्प असतो आणि प्रोग्रॅम कोसळतही नाही. नवशिक्यांना हे छळतंच, पण मुरलेल्यांनाही अधूनमधून छळतं, कारण दर वेळी त्याचं रूप जरा वेगळं असतं.

मूळ मात्र बहुतेक वेळा एकच. स्ट्रटोक नवा शब्द बनवून देत नाही. ते तुमच्याच ओळीत शून्याच्या खुणा करतं आणि त्याच ओळीतल्या एका जागेचा पत्ता परत करतं. म्हणून शब्द तोडण्याच्या कुठल्याही तक्रारीत आधी हे विचारायचं: हे बाइट कोणाच्या मालकीचे, आणि ते कधीपर्यंत टिकणार?

## आधी छापायची पद्धत बदला

नुसत्या %एसने शब्द छापून काही कळत नाही. शब्दाच्या दोन्ही बाजूंना चौकोनी कंस घाला, सोबत स्ट्रलेनने आलेली लांबी छापा आणि %पीने पॉइंटरचा पत्ताही छापा. एवढ्यानेच अर्धं निदान होतं.

पत्ते सगळे सारखे आले तर तुम्ही एकाच बफरकडे, म्हणजे ओळ ठेवायच्या मेमरीतल्या जागेकडे, बोट दाखवणारे शंभर पॉइंटर जमवले आहेत. पत्ते वेगळे पण एकमेकांच्या अगदी जवळ आले, काही बाइटच्या अंतरावर, तर शब्द अजून मूळ ओळीतच राहतायत, त्यांची प्रत झालेली नाही. लांबी दिसणाऱ्या अक्षरांच्या एकूण बाइटांपेक्षा एकाने जास्त असेल तर शेवटी एखादं अदृश्य चिन्ह चिकटलंय. आणि छापलेली ओळ ]पिवळा अशी उलटीपालटी दिसली, म्हणजे बंद होणारा कंस सुरुवातीला येऊन बसला, तर फाइल विंडोजवर तयार झालेली आहे हे तिथेच ओळखा. शब्दाच्या शेवटी असलेलं कॅरेज रिटर्न कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेतं आणि मग कंस तिथे छापला जातो.

ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारं साधन, जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांत आहे, तो चालू करून प्रोग्रॅम जरूर चालवा. पण एक लक्षात असू द्या: वर सांगितलेली मुख्य तक्रार त्याला पकडता येत नाही. बफर जिवंत आहे, पॉइंटर त्याच्या हद्दीत आहे, मेमरीच्या दृष्टीने कुठेच गुन्हा घडलेला नाही. फक्त त्या जागी आता दुसरंच काही लिहिलेलं आहे. सॅनिटायझर स्वच्छ म्हणाला म्हणून शब्द बरोबर आहेत असं समजून चालणारे बरेच जण इथेच अडकतात.

## बफरमध्ये नक्की काय होतं

ही ओळ घ्या. शेवटचं ∅ म्हणजे शून्य बाइट.

लाल,,निळा,पिवळा∅

स्वल्पविरामावर तोडायला सांगून स्ट्रटोक शेवटपर्यंत चालवलं की तोच बफर असा होतो:

लाल∅,निळा∅पिवळा∅

पहिल्या स्वल्पविरामाच्या जागी शून्य पडलं. दुसरा स्वल्पविराम अजून जिथल्या तिथे आहे, कारण पुढच्या शब्दाची सुरुवात शोधताना स्ट्रटोकने तो नुसता ओलांडला. 'निळा'च्या पुढचा पुन्हा शून्य झाला. हातात आलेले तीन पत्ते याच बफरच्या पोटातले आहेत. नवी मेमरी कुठेही घेतलेली नाही.

आता लक्षणं एकामागून एक उलगडतात. तोडून झाल्यावर मूळ ओळ छापली की फक्त 'लाल' दिसतो, कारण पहिलं शून्य तिथेच आहे; स्ट्रलेन नऊ सांगतं (यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 'लाल'मधल्या तीन चिन्हांचे प्रत्येकी तीन बाइट), उरलेलं आहे पण दिसत नाही. पुढच्या एफगेट्सने त्याच बफरवर नवी ओळ लिहिली की आधीचे पॉइंटर नव्या ओळीच्या मध्येच कुठेतरी बोट ठेवून उभे राहतात, म्हणून शेपट्या. आणि बफर फंक्शनच्या आतला स्थानिक ॲरे असेल आणि शब्दांचे पॉइंटर बाहेर पाठवले असतील, तर फंक्शन संपल्यावर त्या जागेवर तुमचा हक्कच उरत नाही. हे शेवटचं प्रकरण जास्त धोकादायक, कारण छोट्या प्रोग्रॅममध्ये स्टॅकवरची ती जागा काही काळ जशीच्या तशी राहते आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो.

एफगेट्सऐवजी गेटलाइनने ओळ वाचणाऱ्यांनी आपण सुटलो असं समजू नये. ते बफर स्वतः वाढवतं हे खरं, पण पुढच्या ओळीसाठी तोच बफर पुन्हा वापरतं. तक्रार तशीच राहते. वर बफर वाढवताना तो दुसरीकडे हलला तर जुने पॉइंटर थेट सोडलेल्या मेमरीकडे बघत बसतात. निदान त्या वेळी सॅनिटायझर ओरडतो तरी.

## उपाय: प्रत काढा, किंवा मूळ टिकवा

दोनच सरळ रस्ते आहेत.

पहिला, प्रत्येक शब्दाची स्ट्रडपने प्रत काढायची आणि काम झाल्यावर प्रत्येक प्रत फ्री करायची. दुसरा, अख्खी फाइल एकाच मोठ्या बफरमध्ये वाचायची, त्यातच तोडायचं आणि सगळे शब्द वापरून होईपर्यंत तो बफर सोडायचा नाही. शब्द थोडे आणि त्यांचं आयुष्य वेगवेगळं असेल तर पहिला बरा. फाइल मेमरीत मावत असेल आणि सगळे शब्द एकदमच टाकून द्यायचे असतील तर माझं मत दुसऱ्याला: हजारो छोट्या प्रती सांभाळण्यापेक्षा एक फ्री पुरतं. फक्त हे दोन्ही एकाच यादीत मिसळू नका. अर्धे पॉइंटर प्रतींचे आणि अर्धे बफरच्या पोटातले असतील तर फ्री कोणाला करायचं हे तुम्हालाही सांगता येणार नाही, आणि स्ट्रटोकने दिलेला पत्ता फ्रीला दिला तर प्रोग्रॅम कोसळतो.

दुसऱ्या रस्त्यात एक खड्डा आहे. बफर वाचता वाचता रीॲलॉकने, म्हणजे घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणाऱ्या फंक्शनने, वाढवत असाल तर पूर्ण वाचून होण्याआधी तोडायला घेऊ नका. रीॲलॉकने बफर हलवला की आधी जमवलेले सगळे पॉइंटर बाद होतात. मध्येच तोडणं भागच असेल तर पॉइंटरऐवजी सुरुवातीपासूनचं अंतर साठवा. बफर कुठेही गेला तरी अंतर बदलत नाही.

स्ट्रडपबद्दल एक वेगळीच तक्रार येते: प्रत काढली, आणि ती वापरताच सेगमेंटेशन फॉल्ट. स्ट्रडप अनेक वर्षं पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात, होतं, सीच्या मानकात नव्हतं. मानकात ते सी२३मध्ये आलं. त्यामुळे कंपायलरला काटेकोर सी९९ किंवा सी११ मागितलं की स्ट्रिंग डॉट एच या हेडरमधली त्याची घोषणा लपते. जुने कंपायलर मग गृहीत धरतात की हे फंक्शन इंट परत करतं. ६४ बिटांचा पत्ता ३२ बिटांत कापला जातो आणि उरलेल्या अर्ध्या पत्त्यावर गेलं की फॉल्ट. 'फंक्शनची घोषणा नाही' असा इशारा येतो, पण इशारे वाचतो कोण! जीसीसी १४पासून ही थेट चूक धरली जाते, ते बरंच झालं. स्ट्रटोक_आर या स्ट्रटोकच्या भावंडाचंही असंच होतं. उपाय म्हणजे काटेकोर मानकाऐवजी ग्नू प्रकार मागायचा, किंवा हेडरच्या आधी पॉझिक्सचा मॅक्रो परिभाषित करायचा.

स्वतः मॅलॉक करून प्रत काढणार असाल तर स्ट्रलेन अधिक एक. तो एक विसरला तरी अनेक दिवस काही होत नाही, आणि म्हणूनच तो सापडत नाही. ६४ बिटांच्या लिनक्सवर ग्लिबसी या सीच्या लायब्ररीचं मॅलॉक कमीत कमी २४ बाइट वापरण्याजोगे देतं, मग ४०, मग ५६. म्हणजे शब्द तेवीस बाइटपर्यंत असेल तर विसरलेलं शून्य मोकळ्या जागेत पडतं. बरोबर २४ बाइटचा शब्द आला की ते शेजारच्या तुकड्याच्या नोंदीवर पडतं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि मात्रा व हलन्तही वेगळी चिन्हंच. तेव्हा 'पुस्तकात' हा साधा शब्द नेमका २४ बाइटचा भरतो. चाचणीतल्या छोट्या शब्दांवर चालणारा प्रोग्रॅम खऱ्या मजकुरावर, आणि तोही भलत्याच ठिकाणी, फ्रीच्या ओळीवर कोसळतो, त्यामागे असंच काहीतरी असतं.

## पहिल्याच हाकेला कोसळतो

अवतरणांतली स्ट्रिंग पॉइंटरला दिली आणि तो पॉइंटर स्ट्रटोकला दिला, की लिनक्सवर सेगमेंटेशन फॉल्ट. अवतरणांतला मजकूर सहसा फक्त वाचता येणाऱ्या भागात ठेवला जातो, आणि स्ट्रटोक तिथे शून्य लिहायला जातं. मानकाच्या भाषेत त्या मजकुरात बदल करणं हे अपरिभाषित वर्तन, म्हणजे काय होईल याची कसलीच हमी नाही. पॉइंटरच्या ताऱ्याऐवजी रिकामे चौकोनी कंस लावून ॲरे घोषित केला तर मजकुराची प्रत तुमच्या मालकीच्या जागेत येते आणि प्रश्न मिटतो.

गंमत म्हणजे त्या मजकुरात एकच शब्द असेल आणि तोडण्याचं चिन्ह कुठेच नसेल तर स्ट्रटोकला काही लिहावंच लागत नाही. त्यामुळे 'एका शब्दावर चालतंय, दोन शब्दांवर मरतंय' अशी तक्रार आली की हेच कारण समजा. जीसीसीमध्ये राइट-स्ट्रिंग्ज नावाचा इशारा आहे, तो चालू केला तर हे कंपाइल करतानाच दिसतं. नेहमीच्या 'सर्व इशारे' या पर्यायात सीसाठी तो येत नाही, वेगळा मागावा लागतो.

## पहिला तुकडा झाला की बाहेरचा लूप थांबतो

बाहेर अर्धविरामावर ओळ तोडायची, आत स्वल्पविरामावर तुकडा तोडायचा. दोन्हीकडे स्ट्रटोक. निकाल: पहिला तुकडा व्यवस्थित, नंतर सगळं संपलं.

स्ट्रटोक 'पुढे कुठून' हे स्वतःजवळच्या एकाच जागी लक्षात ठेवतं. आतल्या लूपने नवी स्ट्रिंग दिली की बाहेरच्याची खूण पुसली जाते. आतलं काम संपून नल, म्हणजे कुठेच न दाखवणारा पॉइंटर, आला, आणि मग बाहेरच्या लूपने नल देऊन 'पुढचा दे' म्हटलं, तर ते आतल्याच संपलेल्या तुकड्यात पुढे बघतं आणि पुन्हा नल देतं. दोन लूप समोरासमोर लिहिले असतील तर हे दिसतं तरी. खरा त्रास होतो तो बाहेरच्या लूपमधून बोलावलेल्या एखाद्या फंक्शनच्या पोटात, किंवा तिसऱ्याच कोणाच्या लायब्ररीत, स्ट्रटोक लपलेलं असतं तेव्हा. तुमच्या कोडमध्ये स्ट्रटोक एकदाच असूनही लूप लवकर थांबत असेल तर तिकडे शोधा. अनेक थ्रेड एकाच वेळी स्ट्रटोक वापरत असतील तर काय गोंधळ होईल हे वेगळं सांगायला नको. काही अंमलबजावण्या प्रत्येक थ्रेडसाठी वेगळी खूण ठेवतात, पण त्यावर विसंबू नये.

स्ट्रटोक_आर वापरा. तिथे खूण ठेवायला पॉइंटर तुम्हीच देता, त्यामुळे प्रत्येक लूपचा पॉइंटर वेगळा. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत हेच काम स्ट्रटोक_एस करतं, तीन पॅरामीटर घेऊन. सी११च्या ऐच्छिक परिशिष्ट केमध्येही स्ट्रटोक_एस आहे, पण ते चार पॅरामीटर घेतं. नाव एक, काम जवळपास एक, पॅरामीटर वेगळे. दोन्हीकडे चालणारं कोड हवं असेल तर या नावाच्या वाटेला न गेलेलं उत्तम.

## रिकामे रकाने गायब होतात

वरच्या ओळीत 'लाल' आणि 'निळा' यांच्यामध्ये एक रिकामा रकाना होता. स्ट्रटोकने तो दिलाच नाही. लागोपाठची चिन्हं ते एकच समजतं, आणि सुरुवातीची तर ओलांडूनच जातं. वाक्यातले शब्द तोडताना हे सोयीचं: दोन शब्दांमध्ये तीन स्पेस असल्या तरी फरक पडत नाही. रकान्यांच्या फाइलमध्ये हेच घातक, कारण तिसरा रकाना दुसऱ्याच्या जागी सरकतो आणि कोणालाच पत्ता लागत नाही.

रकान्यांसाठी स्ट्रसेप. ते बीएसडीतून आलंय, ग्लिबसीतही आहे, मायक्रोसॉफ्टकडे नाही. ते प्रत्येक चिन्हाला एक सीमा मानतं आणि दोन चिन्हं लागून आली तर रिकामी स्ट्रिंग देतं. पण ते तुमचा पॉइंटरच पुढे सरकवत नेतं आणि शेवटी नल करतं. स्ट्रडपने काढलेल्या प्रतीचा एकमेव पॉइंटर स्ट्रसेपला दिलात तर शेवटी फ्रीला नल मिळेल. फ्री नलवर काही करत नाही, तक्रारही करत नाही, आणि मेमरी गळत राहते. मूळ पत्ता आधी दुसऱ्या पॉइंटरमध्ये ठेवायचा.

आणि रकान्याच्या आत अवतरणांत स्वल्पविराम येणार असेल तर दोन्ही विसरा. तिथे अक्षर-अक्षर वाचणारा छोटा पार्सर लिहावा लागतो.

## तोडायचं चिन्ह लांब असेल तर

दुसऱ्या पॅरामीटरबद्दलचा गैरसमज फार पसरलेला आहे. तिथे दिलेली स्ट्रिंग हे एक लांब चिन्ह नसून सुट्या बाइटांचा संच असतो. वजा आणि मोठेपणाचं चिन्ह जोडून केलेल्या बाणावर तोडायला सांगितलं तर एकट्या वजावरही तुटतं, एकट्या मोठेपणाच्या चिन्हावरही.

मराठी मजकुरात याचा कहर होतो. पूर्णविरामाच्या दंडावर, म्हणजे । या चिन्हावर, जुन्या मजकुराची वाक्यं तोडायला कोणी स्ट्रटोकला दंड दिला, की बाहेर काय येतं? चौकटी, प्रश्नचिन्हं, एकेका बाइटचे तुकडे. यूटीएफ-८मध्ये दंड म्हणजे २२४, १६५, १६४ हे तीन बाइट. स्ट्रटोकला ते तीन स्वतंत्र चिन्हं वाटतात. आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर २२४ने सुरू होतं, त्याचा दुसरा बाइट १६४ किंवा १६५ असतो. म्हणजे प्रत्येक अक्षराचे पहिले दोन बाइट सीमा म्हणून कापले जातात आणि फक्त तिसरा उरतो. 'न' हा २२४, १६४, १६८. त्यातला १६८ तेवढा हातात येतो. 'त' आणि 'थ' यांचं नशीब तर आणखी वाईट. 'त' म्हणजे २२४, १६४, १६४ आणि 'थ' म्हणजे २२४, १६४, १६५. ती अक्षरं पूर्ण नाहीशी होतात.

लांब चिन्हासाठी स्ट्रस्ट्र वापरा. ते अख्खी उपस्ट्रिंग शोधतं. सापडलेल्या जागेपर्यंतचा भाग हा तुकडा, मग चिन्हाच्या लांबीइतकं पुढे जाऊन पुन्हा शोध. यूटीएफ-८ची रचना अशी आहे की एका अक्षराचे बाइट दुसऱ्या अक्षरांच्या मध्येच चुकून जुळत नाहीत, त्यामुळे हा शोध बाइटांवर चालूनही बरोबर असतो.

## पहिला किंवा शेवटचा शब्द जुळत नाही

स्ट्रसीएमपी शून्य देत नाही, डोळ्यांना मात्र शब्द सारखेच. दोन स्ट्रिंगांची तुलना दुहेरी बरोबरच्या चिन्हाने केली असेल तर आधी ते सुधारा, त्यात फक्त पत्ते ताडले जातात. तरीही जुळत नसेल तर शेवटच्या शब्दाला एफगेट्सने ठेवलेलं नव्या ओळीचं चिन्ह चिकटलेलं असतं, किंवा विंडोजच्या फाइलमधलं कॅरेज रिटर्न, म्हणजे १३ हा बाइट. स्ट्रसीस्पॅनला कॅरेज रिटर्न आणि नवी ओळ असा संच द्यायचा, आणि जे अंतर येईल त्या जागी शून्य लिहायचं. चिन्ह असलं तर कापलं जातं. नसलं, म्हणजे फाइलची शेवटची ओळ असली, तर आधीच्या शून्यावर शून्य पडतं. 'शेवटचं अक्षर काढून टाका' या सोप्या उपायापेक्षा हे चांगलं, कारण तो उपाय फाइलच्या शेवटच्या शब्दाचं खरं अक्षर खातो, आणि हातातली स्ट्रिंग अगदीच रिकामी असेल तर वजा एक या जागी लिहायला जातो.

फक्त फाइलमधला अगदी पहिला शब्द जुळत नसेल तर सुरुवातीचे तीन बाइट बघा. २३९, १८७, १९१ दिसले तर ती बाइट ऑर्डर मार्कची खूण, काही एडिटर फाइलच्या सुरुवातीला घालतात ती. ती ओलांडून पुढे जा.

शब्द मधूनच दोन तुकडे होऊन येत असेल तर ओळ बफरपेक्षा लांब आहे. १०० बाइटच्या बफरमध्ये एफगेट्स जास्तीत जास्त ९९ वाचतं, उरलेली ओळ पुढच्या हाकेला, आणि हद्दीवरचा शब्द, कधी अक्षरसुद्धा, दुभंगतो. तुकडे सात-सात बाइटचे असतील तर बफर फंक्शनला पाठवून तिथे साइझऑफ लावलंय. तिथे ॲरे उरत नाही, पॉइंटर होतो, आणि ६४ बिटांवर त्याचा आकार आठ.

शेवटचा शब्द दोनदा येत असेल तर लूपची अट एफईओएफवर लावलेली आहे. वाचायचा प्रयत्न फसल्यानंतरच ते खरं होतं. वाचणाऱ्या फंक्शनने काय परत केलं त्यावर अट लावा.

स्कॅनएफच्या नुसत्या %एसने शब्द वाचू नका, ३२ बाइटच्या जागेला %३१एस असं लिहून मर्यादा घाला. आणि गेट्स, म्हणजे लांबीची मर्यादा न पाळता ओळ वाचणारं फंक्शन, वापरणारं जुनं कोड अजूनही फिरत असतं, ते उचलून वापरू नका. १९८८च्या मॉरिस वर्मने, म्हणजे इंटरनेटवर पसरलेल्या एका घातक प्रोग्रॅमने, फिंगर या सेवेच्या सर्व्हरमध्ये शिरायला गेट्सचीच पोकळी वापरली होती, आणि तरी मानकातून ते जायला सी११ यावं लागलं.

स्ट्रएनकॉपी हे स्ट्रकॉपीचं सुरक्षित रूप समजून वापरलं जातं. ते ठराविक लांबीच्या रकान्यांसाठी आहे: स्रोत मोठा असेल तर शेवटी शून्य घालत नाही, लहान असेल तर उरलेली सगळी जागा शून्यांनी भरतं. पुढच्या कामात शब्दामागे कचरा येत असेल तर ते शोधा.

## इझस्पेस आणि चिन्हयुक्त कॅरेक्टर

इंटेलच्या मशीनवर साधा कॅरेक्टर प्रकार सहसा चिन्हयुक्त असतो, त्यामुळे २२४ हा बाइट वजा ३२ म्हणून समोर येतो. तो तसाच इझस्पेसला, म्हणजे बाइट स्पेससारखा आहे का ते सांगणाऱ्या फंक्शनला, देणं हे अपरिभाषित वर्तन. ग्लिबसी चालवून घेतं, मायक्रोसॉफ्टची डीबग लायब्ररी चौकट उघडून थांबते. अनसाइन्ड कॅरेक्टरमध्ये रूपांतर करूनच द्या.

रूपांतर करूनही इझस्पेस लोकॅलवर, म्हणजे भाषा आणि अक्षरसंचाच्या सेटिंगवर, अवलंबून आहे. लॅटिन-१ या जुन्या एकबाइटी अक्षरसंचात १६० हा न तुटणारा स्पेस, आणि 'ठ'चा तिसरा बाइटही १६०च. म्हणून यूटीएफ-८ मजकुराचे शब्द तोडताना इझस्पेस सोडून चारच बाइट तपासावेत असं मी सुचवीन: ३२ (स्पेस), ९ (टॅब), १० (नवी ओळ) आणि १३ (कॅरेज रिटर्न). यूटीएफ-८मधल्या बहुबाइटी अक्षरांचे सगळे बाइट १२८ किंवा त्याहून मोठे असतात, त्यामुळे हे चार कधीही अक्षराच्या पोटात सापडत नाहीत. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात खरा न तुटणारा स्पेस येतो तो १९४, १६० अशा जोडीने. तो हवा असेल तर जोडी म्हणूनच तपासा.

## मूळ ओळ न बिघडवता तोडायचं असेल तर

बहुतेक नव्या कोडमध्ये मी स्ट्रटोक वापरूच नये असं म्हणेन. त्याऐवजी दोन फंक्शनं पुरतात. चालू जागेवरून स्ट्रस्पॅन चालवा: सुरुवातीची तोडायची चिन्हं किती, ते कळतं, तेवढं पुढे सरका. तिथे शून्य बाइट असेल तर काम संपलं. नसेल तर स्ट्रसीस्पॅन चालवा: पुढच्या चिन्हापर्यंतची लांबी मिळते. सुरुवात आणि लांबी ही जोडी म्हणजे शब्द. तेवढी लांबी पुढे सरकून पुन्हा पहिल्यापासून.

यात मूळ ओळीत काहीही लिहिलं जात नाही, त्यामुळे अवतरणांतला मजकूरही तोडता येतो, लूपच्या आत लूप चालतो, थ्रेडचा प्रश्न येत नाही. छापायला %.*एस, त्याला लांबी इंटमध्ये रूपांतर करून द्यायची. तुलना करताना आधी लांबी ताडायची, मग मेमसीएमपी. फक्त स्ट्रएनसीएमपीवर भागवलं तर 'लाल' आणि 'लालसर' सारखेच ठरतील. प्रत हवीच असेल तिथे लांबी अधिक एक एवढं मॅलॉक, मेमकॉपी, आणि शेवटी आपल्या हाताने शून्य. स्ट्रएनडप हे सगळं एकदम करतं, जिथे उपलब्ध असेल तिथे. मालकीचा प्रश्न मात्र इथेही आहेच: जोडी ज्या ओळीकडे बघते ती ओळ टिकली पाहिजे.

शब्दांचा ॲरे ठराविक आकाराचा असेल तर प्रत्येक वेळी भरायच्या आधी मोजणी तपासा. आणि ही यादी एक्झेकव्हीपीसारख्या, दुसरा प्रोग्रॅम चालवणाऱ्या, फंक्शनला द्यायची असेल तर शब्द शून्य बाइटने संपलेले हवेत आणि शेवटी नल पॉइंटरची एक जागा जास्त ठेवायला हवी.

दुरुस्त केलेल्या कोडवर या ओळी चालवून बघा: पूर्ण रिकामी ओळ, नुसत्या स्पेस असलेली ओळ, सुरुवातीला आणि शेवटी चिन्ह असलेली ओळ, लागोपाठ दोन चिन्हं, एकच शब्द, बफरएवढीच लांब आणि बफरपेक्षा एकाने लांब ओळ, शेवटी नवी ओळ नसलेली फाइल, विंडोजची फाइल, आणि 'त' किंवा 'थ' असलेला एक मराठी शब्द.